बोलंना म्हणतेस, पण चार शब्द तर तुझ्या पत्रातच आहेत

पत्र:
ताई नमस्कार. आमचं गाव सेलू तालुक्यात. माझं लेकरू २० महिन्यांचं झालं पण अजून काहीच बोलंना. शेजारची मुलगी याच्यापेक्षा पंधरा दिवसांनी लहान, ती 'आज्जी ये', 'दूध दे' सगळं म्हणते. आमचं फक्त पाण्याला मम म्हणतं, गाय दिसली की हम्मा, फोन वाजला की पप्पा (हे चाकणला कंपनीत असतात, रात्री व्हिडिओ कॉल करतात) आणि काही द्यायला गेलं की नई. बाकी काही पाहिजे असलं की माझी ओढणी धरून ओढत नेतं, नाहीतर जमिनीवर अंग टाकून देतं, एकदोनदा तर रडता रडता श्वास धरून निळं पडलं. सांगितलेलं कळतं, चप्पल आण म्हटलं की आणतं. हाक मारली की कधी बघतं कधी नाही. पावसाळ्यात दोनदा कान फुटला होता. मोबाईल लावल्याशिवाय जेवत नाही, तेही चार घास, बाकी दिवसभर म्हशीचं दूध बाटलीनं, पाच वेळा. वजन १० किलो २०० ग्रॅम. सासूबाई म्हणतात पोरं उशिराच बोलतात, याचा बाप पण तीन वर्षांचा झाल्यावर बोलला. जाऊबाई म्हणतात जीभ चिकटलेली असंल, खालचा दोरा कापून घे. शेजारचे हिंदी बोलतात, त्यानं गोंधळलंय का? सासूबाई शेतात जातात, मी दिवसभर एकटीच. रात्र रात्र झोप लागंना. काय करू?

उत्तर:

बाई गं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला पण वाटलं २० महिन्यांचं लेकरू काहीच बोलंना म्हणजे काय, मग पेन घेऊन बसले आणि मोजलं. मम, हम्मा, पप्पा, नई. वर 'काहीच बोलंना' लिहिलंस आणि खाली तूच चार शब्द लिहून पाठवलेस, आणि तुझ्या ध्यानात पण आलं नाही, कारण आपल्याला वाटतं शब्द म्हणजे पाणी, गाय असा नीट पुस्तकातला पाहिजे. लेकरानं एका गोष्टीसाठी दरवेळी तोच आवाज काढला आणि तुला काहीतरी सांगायला म्हणून काढला की तो शब्दच धरायचा. हम्मा हा शब्द आहे. नई तर आहेच आहे, आणि या वयात सगळ्यात जास्त कामाला येणारा तोच.

साधारण हिशोब असा असतो की वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दीड वर्षाला आई-बाबा सोडून निदान तीन शब्द म्हणायची धडपड, आणि दोन वर्षांचं होईपर्यंत दोन शब्द जोडून, म्हणजे 'मम दे', 'हम्मा गेली' असं. तुझ्या लेकराचे पप्पा सोडून तीन होतात. म्हणजे अगदी उंबऱ्यावर उभं आहे, पण दोन महिने उशिरानं, आणि दोन वर्षांचं व्हायला चारच महिने राहिलेत. शेजारच्या मुलीशी तुलना करून जीव जाळू नको, पण हा हिशोब मात्र डोक्यात ठेव.

'बोलेल की, काय घाई आहे' असं म्हणून मी मोकळी होणार नाही. का ते सांगते. मी ३१ वर्षं अंगणवाडीच्या कामात काढली, आधी सेविका आणि मग पर्यवेक्षिका. वीसेक वर्षांपूर्वी गंगाखेडच्या बाजूला एका तांड्यावर एक मुलगी होती, अडीच वर्षांची, बोलत नव्हती. तिच्या आईनं मला विचारलं, आणि मी सांगितलं की घरात गोरमाटी म्हणजे बंजाऱ्यांची बोली आणि अंगणवाडीत मराठी, गोंधळलंय लेकरू, शिकेल हळूहळू. मुलगी हसरी होती, बाकीची मुलं उठली की उठायची, टाळ्या वाजवल्या की वाजवायची, त्यामुळं मला शंकाच आली नाही. ती सगळं बघून करायची. जवळपास चार वर्षांची झाल्यावर एका शिबिरात डॉक्टरनं कान तपासले तेव्हा कळलं की तिला ऐकूच येत नव्हतं. मशीन लागलं, पण बोलणं शिकायची सगळ्यात मोलाची दीड वर्षं माझ्या एका वाक्यानं गेली. ते आई-लेक अजून डोळ्यासमोर येतात. म्हणून आता कुणी मला विचारलं की लेकरू उशिरा बोलायलंय, तर मी आधी म्हणते कान तपासून आण, बाकीचं नंतर बोलू.

तुझ्या पत्रात तर दोन गोष्टी सरळ कानाकडं बोट दाखवायल्यात, पावसाळ्यात दोनदा कान फुटला आणि हाक मारल्यावर कधी बघतं कधी नाही. दुसरं खेळात गुंग झालेलं कुठलंही लेकरू करतं, पण दोन्ही एकत्र असलं की सोडून द्यायचं नाही. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागं पाणी साचून राहतं, ते दुखत नाही, दिसत नाही, आणि लेकराला आवाज येतो पण उशी कानावर धरल्यासारखा येतो. थाळी वाजवली की दचकतं, ट्रॅक्टर आला की पळत बाहेर जातं, आणि आपण म्हणतो ऐकू तर येतंय. पण स, श, फ असले बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून घरी ताट-वाटी वाजवून केलेली परीक्षा धरू नको.

काय करायचं तर आधी कान-नाक-घसा डॉक्टरला कान आतून दाखव, मग ऐकण्याची तपासणी. एक ओएई म्हणून असते, कानात बारीक मऊ टोकाची नळी घालतात, काही मिनिटांत होते. दुसरी बेरा, त्यात डोक्याला वायरी चिकटवतात आणि लेकरू झोपलेलं लागतं, सुई नाही की दुखणं नाही. तपासणीच्या दिवशी सकाळी लवकर उठव आणि गाडीत झोपू देऊ नको म्हणजे तिथं गेल्यावर झोपेल, नाहीतर दिवस वाया जातो. सरकारची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आरबीएसके म्हणतात ती योजना २०१३ पासून आहे, ० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार त्यात फुकट होतात. त्यांची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते पण तू त्या दिवसाची वाट बघू नको, अंगणवाडीताईला नाहीतर आशाताईला उद्याच सांग की मला जिल्ह्याला पाठवायची चिठ्ठी पाहिजे. सेलूहून परभणी रेल्वेनं जवळच आहे, जिल्हा रुग्णालयात डीईआयसी कुठं म्हणून विचार, लहान मुलांच्या असल्याच तपासण्यांसाठीचं केंद्र असतं ते. तिथं बेरा होत नसेल तर नांदेड नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पाठवतील. आणि कान फुटला की घरोघरी कोमट तेल नाहीतर लसणाचं तेल सोडतात ते तेवढं बंद, वाहत्या कानात डॉक्टरनं सांगितल्याशिवाय काहीच टाकायचं नाही.

आता एक गोष्ट तू लिहिली नाहीस आणि मला तीच सगळ्यात जास्त पाहिजे होती. तुझं लेकरू बोट दाखवतं का? ओढणी धरून माठापाशी नेणं वेगळं. ते 'दे' झालं. मी विचारायलेय ते 'बघ' म्हणणारं बोट. म्हणजे आभाळात विमान गेलं, दारात कुत्रं आलं, चंद्र दिसला की बोट तिकडं करतं आणि वळून तुझ्या तोंडाकडं बघतं का, की आईनं पण बघितलं का म्हणून. त्याला काही नको असतं, फक्त तुला दाखवायचं असतं. बोलणं तिथूनच सुरू होतं, शब्द मागून येतात. साधारण दीड वर्षापर्यंत हे दिसायला पाहिजे. आज संध्याकाळी अंगणात बसून नुसतं बघ. करत असेल तर माझी निम्मी काळजी गेली, चप्पल आणून देतं म्हणजे समज चांगलीच आहे. करत नसेल, डोळ्याला डोळा देत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द बंद झाले असतील, तर डीईआयसीत गेल्यावर हे तोंडानं स्पष्ट सांग, नुसतं 'बोलंना' म्हणू नको, त्या लोकांना यावरूनच पुढचं कळतं.

मोबाईलचं बोलू. तुला दोष देत नाही बरं का. दिवसभर एकटी बाई, चूल पेटलेली, चार दिवसांनी नळाला पाणी येतं म्हणून दारात ड्रम भरलेला, आणि वीस महिन्यांचं लेकरू पायात. मोबाईल दिला की ते एका जागी बसतं, भाजत नाही, पाण्यात पडत नाही. हे खरं कारण आहे आणि ते कुणी बोलत नाही, सगळे नुसतं 'मोबाईल देऊ नका' सांगून जातात. पण बघ काय होतं. मोबाईल बोलतो तेव्हा लेकरू ऐकतं, लेकरू बोलतं तेव्हा मोबाईल ऐकत नाही. त्यानं हम्मा म्हटलं तर पडद्यावरची गाय थांबून 'हो रे राजा, हम्मा आली' म्हणत नाही, ती आपली पुढं नाचत जाते. बोलणं हे चेंडूसारखं आहे, इकडून तिकडं गेलं पाहिजे. आणि जेवण, अंघोळ, झोपवणं हे दिवसातले जे बोलायचे वेळ असतात त्यातला जेवणाचा आख्खा वेळ त्या पडद्यानं घेतलाय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या मुलांना स्क्रीन नकोच, दोन वर्षं झाल्यावर पण दिवसाला एका तासाच्या आत. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं पण तेच म्हणणं, दोन वर्षांच्या आत नाही, पण घरच्या माणसांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालतो. तेव्हा पप्पांचा रात्रीचा कॉल तोडू नको, तो तर पाहिजेच.

सगळं एका दिवसात बंद करायला जाशील तर तूच दमशील. रात्रीचं जेवण आधी धर, तेव्हा सासूबाई पण घरी असतात. फोन वर फळीवर, दिसणार पण नाही असा. सगळे एकत्र बसा, त्याला वेगळी छोटी ताटली, तुमच्या ताटातलंच जेवण, आणि हातानं खाऊ दे, सांडू दे, अंगाला माखू दे, खाली जुनं लुगडं अंथर म्हणजे झालं. पहिले तीन-चार दिवस रडेल, फेकेल, दोन घास खाऊन उठेल. उठू दे. वीस-पंचवीस मिनिटांनी ताटली उचल, मागं वाटी घेऊन पळू नको आणि नंतर जेवणाच्या बदल्यात दूध पण देऊ नको. चांगलं धडधाकट लेकरू स्वतःला उपाशी मारत नाही, दुसऱ्या दिवशी जास्त खातं. ताप किंवा जुलाब असतील तेव्हा हे सगळं बाजूला ठेवायचं. रात्रीचं जमलं की आठवड्यानं दुपारचं.

आणि त्या भाकरीच्या अर्ध्या तासाचं काय? त्याची सोय केल्याशिवाय मोबाईल सुटणार नाही. चुलीपासून लांब पण तुझ्या नजरेत त्याची एक जागा कर. दोन पातेली, झाकणं, एक रिकामा डबा, लाकडी चमचा, आणि ज्वारीच्या पिठाचा भिजवलेला एक गोळा. तू भाकर थापायलीस, ते पण थापेल. 'थप थप थप, भाकर झाली', 'तव्यावर टाकली', 'गरम!', 'आता तुझी भाकर कुठंय?' एवढंच बोलायचं, करता करता. दाणे मात्र खेळायला देऊ नको, ज्वारीचा दाणा नाकात आणि हरभऱ्याचा कानात घालून घेतलेली लेकरं मी किती बघितलीत, आणि शेंगदाणा तर श्वासनळीत गेला की जीवावर येतं, चार-पाच वर्षांपर्यंत आख्खा दाणा नकोच, कूट करून द्यायचं. ड्रमला घट्ट झाकण आणि वर दगड. बादली वापरून झाली की पालथी, कारण बादलीच्या तळाला राहिलेल्या थोड्या पाण्यात डोक्यावर पडलं तर या वयाच्या लेकराला स्वतःला वर काढता येत नाही.

बोलायचं कसं ते थोडं सांगते, कारण 'त्याच्याशी बोलत जा' हे सगळेच सांगतात आणि मग आई दिवसभर एकटीच बडबडत राहते, लेकराला मधी जागाच ठेवत नाही. तुझं काम निम्मं बोलायचं आणि निम्मं गप्प बसायचं. काही विचारलंस की मनात पाचपर्यंत मोज, त्याच्या तोंडाकडं बघत. एवढ्या वेळात त्याला शब्द सापडतो. त्यानं हम्मा म्हटलं की तू एकच शब्द वाढव, 'हम्मा आली', उद्या 'काळी हम्मा', परवा 'हम्मा बस'. चूक दुरुस्त करत बसू नको, 'हम्मा नाही रे, गाय म्हण' असं नको. मम म्हटलं तर पाणी देता देता 'मम. थंड पाणी. अजून पाणी?' म्हण, पाणी हा शब्द त्याला तिथंच मिळतो. काही द्यायच्या आधी दोन वस्तू समोर धर, 'केळ का पेरू?' आणि थांब. डब्याचं झाकण जरा घट्ट लावून त्याच्या हातात दे, उघडंना की तुझ्याकडं येईल, तेव्हा 'उघडू?' म्हण आणि थांब. त्यानं नुसतं 'उ' म्हटलं तरी लगेच उघडून दे, बक्षीस म्हणून. रडेपर्यंत अडवून धरायचं नाही. आणि पाहुणे आले की 'काकूला म्हणून दाखव, म्हण ना, काल म्हणत होतं' ही परीक्षा बिलकुल घेऊ नको, लेकरू आहे तेवढं पण गिळून टाकतं.

सासूबाईंचा यात लई उपयोग आहे. त्यांना चूक ठरवायला जाऊ नको, त्यांचं निम्मं खरं पण आहे. पोरं पोरींपेक्षा थोडी मागं असतात बोलण्यात, पण थोडी म्हणजे एखाद-दोन महिने, वर्ष नाही. आणि बाप उशिरा बोलला यावरून उलट असं समजायचं की घराण्यात ही चाल आहे, म्हणजे जास्त लक्ष द्यायला पाहिजे. अशी बरीच लेकरं आपोआप गाठतात हे खरं, पण कुठलं गाठणार आणि कुठलं मागं राहणार हे आधी कुणालाच ओळखता येत नाही. त्यांना असं सांग की 'आई, तुम्हाला जात्यावरच्या ओव्या येतात, संध्याकाळी याला मांडीवर घेऊन तुम्हीच म्हणा, आणि ओळीचा शेवटचा शब्द जरा धरून ठेवा, बघू हा म्हणतो का.' चिऊ-काऊची गोष्ट रोज तीच सांगू द्या, लेकराला तीच तीच पाहिजे असते, पाठ झाली की मधला शब्द ते भरतं. शेतात जाताना कधी त्याला पण घेऊन जाऊ दे, कापूस, बैल, विहीर, माती, तिथं जेवढे शब्द हाताला लागतात तेवढे घरात बसून लागत नाहीत.

जिभेखालचा दोरा कापायला जाऊ नको. काहींची जीभ खरंच खाली चिकटलेली असते आणि त्यानं एखादा उच्चार बोबडा होतो, पण त्यानं लेकरू बोलायचंच राहतं असं होत नाही. तोंड उघडून डॉक्टरच बघतील. वेखंड उगाळून चाटवण्यानं पण बोलणं येत नाही, जास्त गेलं तर उलट्या मात्र होतात. हिंदीचं भ्या काढून टाक. दोन भाषांनी लेकरू मुकं होत नाही, देगलूर-बिलोलीकडं तेलुगू आणि मराठी, उदगीर-उमरग्याकडं कन्नड आणि मराठी एकाच अंगणात बोलत मुलं मोठी होतात. शेजारच्या घरी जाऊन ते 'पानी' म्हणायला लागलं तर तो पण शब्द मोजायचा.

दुधाचं मात्र ऐक. पाच बाटल्या म्हणजे लिटरभर दूध. मग भूक कुठून लागणार, मोबाईल लावून चार घास कोंबायची वेळ त्यामुळंच आलीय. या वयात दिवसाला दोन कप, ४०० ते ५०० मिली, याच्यावर दूध नको, आणि बाटली सोडून वाटीनं नाहीतर छोट्या पेल्यानं. दुधात लोह नसल्यासारखंच असतं, दुधावर वाढलेली लेकरं गुबगुबीत दिसतात पण रक्त कमी असतं, आणि रक्त कमी असलं की लेकरू चिडचिडं होतं, शिकणं पण मंदावतं. ते श्वास धरून निळं पडायलंय ना, ते पण लोह कमी असलेल्या लेकरांत जास्त दिसतं. ते मुद्दाम करत नाही, आणि सहसा एका मिनिटाच्या आत आपोआप श्वास येतो. तेव्हा त्याला कुशीवर झोपव, तोंडात बोट घालू नको, गदागदा हलवू नको, कांदा हुंगवू नको. पण डॉक्टरला हे एकदा सांगायलाच पाहिजे, आणि हिमोग्लोबिन तपासायला सांग. आशाताईकडं लोहाचं सिरप असतं, ६ महिने ते ५ वर्षांच्या लेकरांना आठवड्यातून दोनदा १ मिली, ते चालू आहे का विचार. चालू नसेल तर चालू कर, तपासणीत रक्त फारच कमी निघालं तर डॉक्टर वेगळा डोस सांगतील. त्यांच्याकडं गेलीस की १६ ते २४ महिन्यांतल्या लसी, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर झालेत का ते पण कार्डावर बघून घे.

वजनाची काळजी करू नको, १० किलो २०० हे २० महिन्यांच्या मुलाला ठीक आहे. पहिल्या वर्षात लेकरू जन्माच्या तिप्पट होतं आणि दुसऱ्या आख्ख्या वर्षात दोन-अडीच किलोच वाढतं, त्यामुळं भूक कमी झाल्यासारखी वाटते, सगळ्याच घरात वाटते. मुगाच्या वरणात भाकर कुस्करून वर तूप, मेथी नाहीतर शेपूची भाजी बारीक चिरून, लिंबाचे दोन थेंब, खात असाल तर अंडं, सकाळी मऊ भिजवलेल्या मुरमुऱ्यांची सुशीला, तिखट न घालता. चहा-बिस्कीट बंद, चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

अंग टाकून देतं ते कशामुळं ते एव्हाना तुझ्या ध्यानात आलं असेल. त्याला सांगायचंय भरपूर आणि शब्द आहेत चार. आपल्याला परक्या गावात भाषा येत नसली आणि तहान लागली तर कसं होईल, तसं त्याचं रोज होतं. लोळायला लागलं की आजूबाजूचं लागण्यासारखं सरकव, जवळ खाली बस, आणि त्याच्या वतीनं एकच वाक्य बोल, 'बाहेर जायचं होतं, राग आला.' समजावत बसू नको, त्या वेळी ऐकू जात नाही. मारायचं नाही, 'पोलीस येईल', 'डॉक्टर सुई देतील' पण नको, त्याच डॉक्टरकडं आता न्यायचंय आपल्याला. आणि गप्प करायला त्याच क्षणी मोबाईल दिलास तर उद्या दुप्पट लोळेल. शांत झालं की जवळ घे, बास.

चाकणला फोन करून लेकराच्या पप्पांना पण कामाला लाव. व्हिडिओ कॉलवर नुसतं 'पप्पा म्हण, पप्पा म्हण' करू नका म्हणावं. डबा उघडून दाखवा, कंपनीची बस दाखवा, कॉलनीतलं कुत्रं दाखवा, एक गोष्ट दाखवून थांबा. आणि परभणीला जायच्या दिवशी जमलं तर सुट्टी काढा, बेरा करायची म्हणजे झोपलेलं लेकरू सांभाळायला दोन माणसं बरी पडतात.

तू झोप लागत नाही लिहिलंस. दुपारी ते झोपलं की भांडी तशीच राहू दे आणि तू पण आडवी हो, या वयात लेकराला रात्रीची धरून ११ ते १४ तास झोप लागते, त्यातला दुपारचा तासभर तुझा पण आहे. तरी महिनाभरात झोप आली नाही, रडू येत राहिलं, तर त्याच्यासोबत स्वतःला पण दाखव.

भिंतीवरचं कॅलेंडर असेल ना, त्याच्यावर आजच्या तारखेला लिही, मम, हम्मा, पप्पा, नई. नवीन शब्द आला की त्या दिवशीच्या चौकटीत लिहायचा, हिंदीतला असला तरी, अर्धा असला तरी, 'उ' असला तरी. परभणीला जाताना त्या पानाचा फोटो काढून ने, डॉक्टरला दाखव. आणि रिपोर्टमध्ये काय आलं ते मला कळव, मी वाट बघतेय.